सकाळी स्की, दुपारी सायकल: अमेरिकेच्या नैऋत्य वाळवंटात या चुका टाळा

फीनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम ३३० मीटरवर आहे. तिथून निघालं की पावणेतीन तासांत गाडी फ्लॅगस्टाफजवळच्या अॅरिझोना स्नोबोल या स्की केंद्राच्या पायथ्याशी लागते, आणि तो पायथाच २,८०० मीटरवर आहे. खाली निवडुंग, वर बर्फ. म्हणून तर लाँग वीकेंडला मित्रमंडळी गाडीवर सायकली आणि स्की दोन्ही लादून निघतात. तिथे जे बिघडतं त्यातलं बरंचसं एकाच कारणाने बिघडतं: सामान, वेळ आणि मार्ग एकाच उंचीचा विचार करून ठरवलेले असतात.

कॅलेंडर बघून बेत आखणे

"मे महिना आहे, मोआबला जाऊ, व्होल एन्चिलाडा करू" हा नेहमीचा फसलेला बेत. युटातलं मोआब गाव १,२०० मीटरवर आहे, तिथे मे महिन्यात ऊन चटका देत असतं. व्होल एन्चिलाडा हा डोंगरावरून मोआबकडे उतरणारा लांबलचक सायकलमार्ग. पण या मार्गाची वरची सुरुवात, बरो पास, सुमारे ३,४०० मीटरवर आहे आणि तिथला बर्फ बहुधा जूनच्या अखेरीपर्यंत, कधी जुलैपर्यंत हटत नाही. सायकलींसह गाडीने वर नेऊन सोडणारे शटलवाले तेव्हा खालच्या टप्प्यावर सोडतात. तेच बुक करा. उलट जुलै ते सप्टेंबर वरचा रस्ता मोकळा असतो, पण दुपारी विजा कडाडतात. दुपारच्या आत उघड्या कड्यांवरून खाली उतरलेलं असावं.

दोन्ही खेळ एकाच सहलीत हवे असतील तर मार्च आणि एप्रिलचा पूर्वार्ध बरा. स्कीला स्नोबोल आणि सायकलला सेडोना (१,३०० मीटर) ही अॅरिझोनातली एक जोडी, स्कीला ब्रायन हेड आणि सायकलला सेंट जॉर्ज ही युटातली दुसरी. मोआबच्या मागे दिसणारे ला साल डोंगर पाहून "तिथेच स्की करू" म्हणणारे बरेच भेटतात. तिथे एकही लिफ्ट नाही. ला सालमध्ये स्की म्हणजे स्वतः चढून जाणं आणि हिमस्खलनाचा धोका पत्करणं, त्याबद्दल पुढे.

घाम दिसत नाही म्हणून पाणी कमी नेणे

सह्याद्रीत सायकल मारली की शर्ट पिळून काढावा लागतो. इथे हवा इतकी कोरडी की घाम आल्या आल्या उडून जातो, अंगावर फक्त मिठाचे पांढरे पट्टे उरतात. शरीर तेवढंच पाणी गमावत असतं, कळत मात्र नाही.

हिशोब असा ठेवा: तापमान ३० अंशांच्या वर असेल तर माणशी ताशी १ लिटर, थंडीत ताशी अर्धा ते पाऊण लिटर. तीन तासांच्या फेरीला ३ लिटरची पाण्याची पिशवी आणि सायकलवर एक जादा बाटली. वाटेत भरून घेऊ, हे इथे विसरा. मोआबच्या स्लिकरॉक ट्रेलच्या तोंडाशी नळ नाही, आणि कॅनियनलँड्समधल्या १०० मैलांच्या व्हाइट रिम रस्त्यावर पिण्याच्या पाण्याची कुठेच सोय नाही.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली येतं. डोकं दुखतं, मळमळतं, पोट डबडबतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच असल्यामुळे मित्र आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती बिघडवतात. दर लिटरला ५०० ते ७०० मिलिग्रॅम सोडियम मिळेल इतकी क्षाराची पूड घाला, किंवा सोबत खारे शेंगदाणे ठेवा. भरपूर पाणी पिऊनही माणूस गोंधळला असेल, तर पाणी थांबवा आणि मदत मागवा.

स्कीच्या दिवशी हीच पाण्याची पिशवी वापरणार असाल तर प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकर मारून उरलेलं पाणी मागे ढकला. नळीतलं पाणी आधी गोठतं, पिशवीतलं बऱ्याच उशिरा.

सराटे आणि टायर

आपल्याकडे बांधावर, माळावर चप्पल फोडून आत घुसणारा सराटा इथेही आहे, वनस्पती तीच. मोआब, फ्रूटा, सेंट जॉर्ज, सगळीकडे. तो ट्रेलपेक्षा उकरलेल्या मातीत जास्त वाढतो: पार्किंगच्या कडेला, रस्त्यालगत, कॅम्पच्या जागेत. त्यामुळे चाक बसतं ते बहुतेकदा ट्रेल सुरू होण्याआधीच. गाडीतून उतरवलेली सायकल कडेच्या गवतातून ढकलत नेऊ नका, उचलून डांबरावर किंवा खडकावर ठेवा.

ट्यूबलेस टायर नसेल तर इथे येऊच नका, इतकं स्पष्ट सांगायला हरकत नाही. पण ट्यूबलेस असूनही लोक अडकतात, कारण आतलं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव, वाळलेलं असतं. दमट हवेत चार-सहा महिने टिकणारं लॅटेक्स सीलंट इथे दीड-दोन महिन्यांत रबरी पापुद्रा होऊन बसतं. निघण्याआधी चाक कानाशी धरून हलवा. डुचमळल्याचा आवाज आला नाही तर व्हॉल्व्हचा गाभा काढा आणि २९ इंची, २.४ इंच रुंदीच्या टायरमध्ये ९० ते १२० मिली नवं सीलंट घाला. गाभा चिकटलेला असेल तर साफ करत बसण्यापेक्षा बदला. दोन सुटे गाभे खिशात असू द्या.

वाटेत हवा गेली तर क्रम असा:

१. काटा दिसला की उपटा, भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा. सीलंट तिथे गोळा होऊन भोक बुजवतं.

२. नाही बुजलं तर प्लग (चिकट रबरी पट्टी) खुपसा. भोक मोठं असेल तर दोन.

३. हवा शक्यतो हातपंपाने भरा. सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइडच्या) नळकांडीने काही सीलंट गोठून गुठळ्या होतात, आणि तो वायू रबरातून भराभर निसटतो. संध्याकाळी चाक पुन्हा मऊ. सीओटू वापरलाच तर व्हॉल्व्ह वर ठेवून भरा, म्हणजे थंड झोत थेट सीलंटवर पडणार नाही.

४. बाजूची भिंत धारदार दगडाने चिरली असेल तर आतून टायर बूट (जाड ठिगळ) लावा. तो नसेल तर घडी घातलेली डॉलरची नोट चालते. मग ट्यूब टाका.

या चौथ्या पायरीवर घाई नडते. ट्यूबलेस टायरमध्ये आधीचे दहा-वीस सराटे मोडून रुतलेले असतात. सीलंटने प्रत्येकाभोवतीची फट बंद ठेवलेली असते म्हणून ते जाणवत नाहीत. त्यात नवी ट्यूब टाकली की पन्नास मीटरवर फुस्स. आधी आतल्या पृष्ठभागावरून कापड फिरवा. जिथे अडकेल तिथला काटा पकडीने बाहेर काढा. पूर्ण एक फेरी, मग उलट दिशेने आणखी एक.

सोनोरन वाळवंटात, म्हणजे फीनिक्स-टूसानच्या बाजूला, चोया निवडुंगाचे गोळे पायाला चिकटतात. हाताने उपटायला गेलात तर ते हातालाही चिकटतील. जाड दातांचा कंगवा कातडी आणि गोळ्याच्या मधे सरकवा आणि अंगापासून दूर झटका द्या. उरलेले काटे चिमट्याने.

हवेचा दाब हॉटेलवर ठरवणे

७५ किलोच्या स्वाराला २.४ च्या टायरमध्ये पुढे २२-२३ आणि मागे २५-२६ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ही चांगली सुरुवात. मोआबच्या चौकोनी कडांवर मागे दोन पीएसआय वाढवा, नाहीतर रिम थेट दगडावर आपटेल.

दाबमापक बाहेरच्या हवेच्या तुलनेत आकडा दाखवतो. बरो पासवर २४ भरलेलं चाक मार्गाच्या शेवटी कोलोरॅडो नदीपर्यंत उतरलं की बाहेरचा दाब वाढल्यामुळे आकडा साधारण ३ ने घटतो. त्याच वेळी हवा तापली की तो दर १० अंशांना सव्वा पीएसआयने वाढतो. वर ५ अंश आणि खाली ३० असतील तर दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढतात. पण ढगाळ दिवशी खाली जेमतेम १३ अंश असतील तर २४ चे २२ होतात, आणि तेही नेमके याच मार्गाच्या खालच्या टप्प्यात, पॉर्क्युपाइन रिमच्या दगडी पायऱ्यांवर. गार दिवशी वाटेत एकदा दाब तपासा.

ओल्या चिकणमातीवर सायकल घालणे

स्लिकरॉक नावाने घसरडा वाटतो, पण तो वालुकाश्म टायरला घट्ट धरतो आणि पाऊस थांबल्यावर काही तासांत कोरडा होतो. वाळूच्या वाटा तर ओल्या असताना जास्त घट्ट होतात. घात करते ती मॅन्कोस शेल या खडकाची राखाडी चिकणमाती. ओली झाली की ती चाकाला थरावर थर चढवते, चाक फ्रेममध्ये अडकतं, आणि तरीही पेडल मारलं तर डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे तिला फ्रेमला जोडणारी पट्टी, मोडतो. अडकलात तर पेडल थांबवा, काडीने माती खरवडा, सायकल खांद्यावर घ्या. आपल्या फ्रेमचा सुटा हँगर बरोबर असलाच पाहिजे. तो ऐनवेळी दुकानात मिळेल याची खात्री नाही.

वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत पापुद्रा दिसतो ती जिवंत माती आहे: सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल. एका टायरने मोडलेला पट्टा भरून यायला दशकं जातात. थांबायचं तर खडकावर किंवा ओढ्याच्या वाळूत. पावसाळ्यात मात्र ओढ्यात गाडी लावू नका. दूरच्या वादळाचं पाणी निरभ्र आकाशाखाली अचानक येतं.

'विल्डरनेस' (संरक्षित अरण्य) अशी पाटी दिसली की सायकल बंद, ढकलत नेणंही चालत नाही. सेडोनाभोवती अशा हद्दी जागोजाग आहेत. राष्ट्रीय उद्यानांतल्या पायवाटांवरही मनाई आहे. आर्चेस आणि कॅनियनलँड्समध्ये सायकल फक्त रस्त्यांवर.

बर्फावर चुकीच्या वेळी पोहोचणे

इथे मार्चनंतरचा बर्फ रात्री गोठतो आणि दिवसा वितळतो. पहाटे तो काच असतो, दुपारी लगदा. मधले दोन-तीन तास मजेचे. पूर्वेकडचे उतार आधी मऊ होतात, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे. त्याच क्रमाने फिरा. बूट घोट्यापर्यंत रुतू लागले की थांबा, कारण ओल्या लगद्यात स्की अडकते आणि गुडघा पिळवटतो. त्या वेळी खाली सेडोनाला जाऊन सायकल काढणं शहाणपणाचं. उबदार बर्फासाठीचं मेण स्कीच्या तळाला आदल्या रात्रीच लावून ठेवा. वसंतातल्या वाऱ्यांनी आणलेल्या धुळीचा तपकिरी थर उघडा पडला असेल तर त्यावर स्की एकदम ब्रेक लागल्यासारखी थबकते. असा पट्टा दिसला तर आधीच वेग कमी करा.

फीनिक्सहून थेट येऊन पहिल्याच लिफ्टने ३,५०० मीटरच्या आसपास जाणं अंगावर येतं. आदली रात्र फ्लॅगस्टाफला (२,१०० मीटर) काढा. डोकेदुखीवर विश्रांती पुरते, पण उलट्या होऊ लागल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला तर खाली आणा, लगेच. अतिनील किरणं दर १,००० मीटरला सुमारे १० टक्के वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणून हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांनाही क्रीम लावा.

स्की बूट रात्री गाडीच्या डिकीत ठेवू नका. थंडीने प्लास्टिक ताठरतं आणि सकाळी पाय आत जात नाही. ब्रायन हेडला पॅरोवनहून जाणाऱ्या १४३ क्रमांकाच्या रस्त्यावर १३ टक्क्यांपर्यंत चढ आहे. बर्फात तिथे हिवाळी टायर किंवा फोर-व्हील ड्राइव्ह लागतो, आणि बऱ्याच भाड्याच्या गाड्यांच्या करारात टायरना साखळ्या लावायला मनाई असते. गाडी घेण्याआधी विचारा.

लिफ्टच्या हद्दीबाहेर जाणार असाल तर प्रत्येकाकडे बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं हवं, आणि ते वापरता यायला हवं. ला सालचा बर्फ पातळ, रात्री निरभ्र आणि कडक थंड; त्यामुळे तळाचा थर साखरेसारखा सुटा होतो आणि वरचा जड थर त्यावरून घसरतो. फेब्रुवारी १९९२ मध्ये तिथल्या गोल्ड बेसिनमध्ये हिमस्खलनात चार जण दगावले, त्यांत हिमस्खलनाचा अंदाज वर्तवणारा एक तज्ज्ञही होता. युटा अॅव्हलांच सेंटरचा मोआब विभागाचा अंदाज वाचूनच निघा. मोबाइल फोन हा बीकनपासून एरवी २० सेंटिमीटर, शोध घेताना ५० सेंटिमीटर दूर हवा. फ्लॅगस्टाफच्या कचिना पीक्स भागात हिवाळ्यात मोफत परवाना लागतो.

ग्रुपच्या चुका

दोन गाड्यांनी शटल करताना खालच्या गाडीची किल्ली वरच्या गाडीत राहते. निघण्याआधी ती हातात धरून सगळ्यांना दाखवा. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं. बहुतेक ठिकाणी रेंज नसते, त्यामुळे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र मागे राहणाऱ्याकडे द्या. पुढे पळणाऱ्याला ते क्वचितच लागतं.

आणि घड्याळ. अॅरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, युटा पाळतं, आणि अॅरिझोनातलं नवाहो नेशनही पाळतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फ्लॅगस्टाफला ८ वाजतात तेव्हा मोआबला ९ वाजलेले असतात. पेज गावाजवळ तर मोबाइल कोणत्या टॉवरला लागला त्यावर वेळ पुढे-मागे होते. शटलचं बुकिंग लिहिताना वेळेपुढे "युटा" किंवा "अॅरिझोना" लिहा, आणि गजर मोबाइलच्या आपोआप बदलणाऱ्या वेळेवर सोडू नका.