तीव्र प्रकाशात पानातील पेशी कशामुळे मेल्या, हे प्रयोगाने कसे तपासावे

प्रखर प्रकाशात ठेवलेल्या पानावर पांढरट किंवा तपकिरी डाग पडला की पान करपले असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु पेशी दिव्याच्या उष्णतेने भाजली असेल, ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपांनी तिची पटले (पेशीची पातळ आवरणे) फोडली असतील, किंवा त्या रूपांची चाहूल लागताच पेशीने आपला मृत्यू आपणच घडवून आणला असेल. डाग मात्र तिन्ही वेळा जवळपास सारखाच दिसतो. या शक्यता वेगळ्या करता येतील अशी मांडणी आधी करावी आणि मगच दिवा लावावा.

मांडणीसाठी थोडी पार्श्वभूमी लागते. हरितद्रव्य शोषत असलेली ऊर्जा कार्बन स्थिरीकरणात खर्च होईनाशी झाली की हरितलवकात, म्हणजे पेशीतील प्रकाशसंश्लेषणाच्या घटकात, दोन ठिकाणी अडचण उभी राहते. प्रकाश पकडणाऱ्या दोन प्रथिनसंचांपैकी प्रकाशप्रणाली-२ मधील उत्तेजित हरितद्रव्य आपली ऊर्जा ऑक्सिजनला देते व सिंगलेट ऑक्सिजन हे त्याचे अतिउत्तेजित रूप तयार होते; दुसऱ्या संचाकडून, म्हणजे प्रकाशप्रणाली-१ कडून, इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे वळतात व सुपरऑक्साइड तयार होऊन त्याचे पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. प्रकाशातील हरितलवके ऑक्सिजनचे क्षपण करून (त्याला इलेक्ट्रॉन देऊन) हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, हे मेहलर यांनी 1951 मध्ये दाखवले. सिंगलेट ऑक्सिजन अत्यल्पायुषी असल्यामुळे जेथे निर्माण होतो त्याच्या आसपासच क्रिया करतो, तर पेरॉक्साइड तुलनेने टिकाऊ असून पेशीत दूरवर पोहोचू शकते.

सारख्या वयाच्या पानांतून सारख्या आकाराच्या चकत्या कापून त्या पाण्यावर तरंगत ठेवाव्यात. अराबिडॉप्सिस ही प्रयोगशाळेत सर्रास वापरली जाणारी छोटी वनस्पती सामान्यतः 100 ते 150 मायक्रोमोल फोटॉन प्रति चौरस मीटर प्रति सेकंद एवढ्या प्रकाशात वाढवतात. अशा पानांसाठी 1000 ते 1500 हा प्रकाश पुरेसा जाचक ठरतो. भर दुपारचे स्वच्छ ऊन साधारण 2000 पर्यंत जाते. एक संच तीव्र प्रकाशात, दुसरा नेहमीच्या प्रकाशात आणि तिसरा अंधारात पण तीव्र प्रकाशातील पाण्याच्याच तापमानाला ठेवावा. हा तिसरा संच बहुधा गाळला जातो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याच्याशिवाय उष्णतेचा वाटा वेगळा काढता येत नाही. ताण वाढवण्यासाठी मिथाइल व्हायोलोजेन वापरण्याची पद्धत आहे. मात्र हे पॅराक्वाट नावाचे जीवघेणे विष असून त्यावर उतारा नाही, त्यामुळे प्रशिक्षित देखरेखीच्या प्रयोगशाळेबाहेर त्याला हात लावू नये.

चकत्या एकाच वेळी न उचलता काही पहिल्या तासात, काही तीन तासांनी आणि काही दुसऱ्या दिवशी उचलाव्यात. पेरॉक्साइड आधी आणि मृत्यू नंतर असा क्रम दिसला तरच कार्यकारणाची शक्यता धरता येते. दोन्ही शेवटी एकदमच पाहिले, तर मरणाऱ्या पेशीतूनच पेरॉक्साइड आले असेही कोणी म्हणू शकेल. पेरॉक्साइडसाठी डायअमिनोबेंझिडीनचे दर मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम असे द्रावण सामू (पीएच) 3.8 च्या आसपास करून घ्यावे, बिनसुईच्या सिरिंजने किंवा निर्वात पंपाने ते चकतीत भरावे आणि काही तास अंधारात ठेवावे. हे रसायन कर्करोगकारक असल्याचा संशय असल्याने हातमोजे अनिवार्य आहेत. नंतर इथेनॉलमध्ये उकळून हरितद्रव्य काढून टाकावे, मात्र पाण्याच्या उष्ण कुंडातच, उघड्या ज्योतीवर कधीही नाही. जेथे पेरॉक्साइड होते तेथे तपकिरी रंग उरतो. चकतीची कापलेली कड जखमेमुळे नेहमीच रंगते, तेव्हा निरीक्षण मधल्या भागाचे करावे. ॲस्कॉर्बेट (क जीवनसत्त्व, जे पेरॉक्साइड नष्ट करते) दिलेल्या चकतीत हा रंग फिका पडला पाहिजे. न पडल्यास रंगावर विश्वास ठेवू नये. शिवाय हा रंग पेशीतील पेरॉक्सिडेज या विकराच्या मदतीने तयार होतो आणि सिंगलेट ऑक्सिजन तो दाखवतच नाही, म्हणून रंग आला नाही एवढ्यावरून ऑक्सिडीकारक ताण नव्हता असा निष्कर्ष काढता येत नाही.

मृत पेशींसाठी ट्रायपॅन ब्लू वापरावा. जिवंत पेशीचे अखंड पटल तो रंग आत घेत नाही. आकडा हवा असल्यास चकतीतून पाण्यात झिरपलेल्या क्षारांची विद्युतवाहकता मोजावी, मग तीच चकती उकळून एकूण वाहकता घ्यावी व पहिलीचे दुसरीशी शेकडा प्रमाण काढावे.

हरितद्रव्याच्या प्रस्फुरणाचे (शोषलेल्या प्रकाशातून त्याने परत फेकलेल्या प्रकाशाचे) मापन सोपे असले तरी येथे फसवे आहे. अंधारात वीस-तीस मिनिटे ठेवलेल्या निरोगी पानात प्रकाशप्रणाली-२ ची कमाल कार्यक्षमता 0.83 च्या आसपास असते आणि तीव्र प्रकाशात ती घसरते. पण प्रकाशप्रणाली-२ मधील डी-1 हे खराब झालेले प्रथिन बदलले गेले की ती सावरूही शकते. चकती मंद प्रकाशात परत ठेवून आकडा वर येतो का हे पाहिल्याशिवाय घसरणीला मृत्यू म्हणू नये.

मृत्यू निव्वळ नासधुशीमुळे झाला की आतल्या संकेतामुळे, हा प्रश्न मात्र रंगांनी सुटत नाही; त्यासाठी उत्परिवर्ती, म्हणजे एखादे जनुक बदललेल्या, वाणांची गरज लागते. अराबिडॉप्सिसच्या फ्लू या वाणात अंधारात हरितद्रव्याचे पूर्वद्रव्य साचते, आणि रोप पुन्हा प्रकाशात आणताच सिंगलेट ऑक्सिजन निर्माण होऊन कोवळी रोपे मरतात. याच वाणात एक्झिक्युटर-1 हे जनुक निकामी केले, तर सिंगलेट ऑक्सिजन तयार होऊनही रोपे तगतात, असे 2004 मध्ये दाखवण्यात आले. एवढ्या मात्रेला रेणू मारत नाही, त्याच्या संकेताची अंमलबजावणी मारते, हा त्याचा अर्थ; ताण फार तीव्र केला तर मात्र थेट रासायनिक विध्वंसही होतो. म्हणून फ्लू आणि फ्लू-एक्झिक्युटर (एक्झिक्युटर-1 निकामी केलेला फ्लू) ही जोडी सारख्याच अंधारकाळानंतर मध्यम प्रकाशात शेजारी-शेजारी ठेवावी, आणि प्रकाश पायरीपायरीने वाढवत कोणत्या तीव्रतेला दुसरे वाणही मरू लागते ते नोंदवावे. त्या तीव्रतेच्या खाली झालेला मृत्यू मुख्यतः संकेताचा आणि वरचा मुख्यतः नासधुशीचा समजावा.