ग्रुपमधली उत्तरं हरवू नयेत म्हणून

प्रोग्रामिंगच्या छोट्या ग्रुपमध्ये तेच तेच प्रश्न येतात, कारण मागचं उत्तर चॅटमध्ये कुठेतरी वर गेलेलं असतं. कधी ते उरतही नाही. स्लॅक या चॅट ॲपच्या फुकट योजनेत ९० दिवसांपलीकडचे मेसेज दिसत नाहीत, आणि २०२४ पासून वर्षाहून जुने कायमचे पुसले जातात.

म्हणून आधी आहे तो मजकूर उतरवून घ्या. टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपमध्ये 'एक्सपोर्ट चॅट हिस्टरी' आहे. तिथे जेसन (प्रोग्रामला सहज वाचता येणारा फाइलचा साचा) निवडा, म्हणजे स्क्रिप्टने चाळता येईल. ही फाइल सगळ्यांसाठी खुली मात्र करू नका. घाईत चिकटवलेले पासवर्ड आणि एपीआय की (प्रोग्रामने एखादी सेवा वापरण्यासाठीचे गुप्त कोड) त्यात हमखास सापडतात.

सगळंच जपायच्या भरीस पडू नका. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न तेवढे वेचा आणि गिट रेपोमध्ये (प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या फोल्डरमध्ये) प्रत्येकाची वेगळी मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणांनी मांडलेल्या मजकुराची, फाइल करा. चार-पाच फोल्डर पुरतात.

खरी मेहनत नोंद लिहिण्यात आहे. समजा, विंडोजवर पायथनने मराठी मजकुराची फाइल वाचताना 'युनिकोडडिकोडएरर' आला. तो एरर मेसेज जसाच्या तसा टाइप करा. स्क्रीनशॉटमधली अक्षरं सर्चला सापडत नाहीत. उत्तर एका ओळीचं आहे: फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ द्या. पण कारणही लिहा. विंडोजवर पायथन सिस्टीमचं कोड पेज, म्हणजे तिचा ठरलेला अक्षरांचा तक्ता, धरून चालतं, बहुधा सीपी-१२५२, आणि त्यात देवनागरी नाहीच. हे कळलं की फाइल लिहिताना येणारी तीच अडचण वाचणारा स्वतः सोडवतो. पायथनची आवृत्ती आणि तारीख हवीच: ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट ठरलं आहे, तिथे हे उत्तर लागणार नाही.

नोंद प्रश्न विचारणाऱ्यानेच, उत्तर चाललं त्याच दिवशी लिहावी. नेमकं कुठे अडलं होतं ते त्यालाच ठाऊक असतं. उत्तर देणाऱ्याने ती फक्त तपासावी. त्याचं नाव घालायचं तर विचारून घाला.

रेपो एकाच साइटवर ठेवून निर्धास्त राहू नका. कोड ठेवायची गूगल कोडसारखी मोठी सेवाही २०१६ मध्ये बंद झाली. गिटच्या क्लोनमध्ये, म्हणजे रेपोच्या प्रतीत, पूर्ण इतिहास येतो, तेव्हा दोघातिघांनी आपापल्या मशीनवर क्लोन ठेवून दरमहा पुल करावं, म्हणजे नवे बदल उतरवून घ्यावेत.

जुना प्रश्न पुन्हा आला तर कुणाला झापू नका, नोंदीची लिंक द्या. ती वाचूनही विचारणारा अडला, तर आधी नोंद दुरुस्त करा.