'ड्रॅक्युला' शिकवायची असेल तर प्रकरणं वाटू नका

टी.वाय.च्या इंग्रजीच्या वर्गाला 'ड्रॅक्युला' नेमलेली असेल आणि तुम्ही सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या एखाद्या कॉलेजात नुकतेच तासिका तत्त्वावर लागला असाल, तर गटवार सादरीकरण जरूर घ्या. पण २७ प्रकरणांची वाटणी करू नका. 'तुम्ही एक ते पाच, त्यांनी सहा ते दहा' असं सांगितलं की मुलं नेटवरून सारांश उतरवून आणतात आणि दुसऱ्याचं कुणी ऐकत नाही.

त्यापेक्षा कागद वाटा. ब्रॅम स्टोकरची १८९७ सालची ही कादंबरी कुणी एकजण सांगतच नाही. वकील हार्करची लघुलिपीतली रोजनिशी, त्याच्या वाग्दत्त वधूची म्हणजे मीनाची रोजनिशी, तिच्या मैत्रिणीची, लूसीची पत्रं, डॉ. सेवर्डने फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी, टेलिग्राम, वर्तमानपत्राची कात्रणं असे सुटे कागद आहेत. प्रत्येकाला थोडं थोडं कळलेलं असतं. मीना ते सगळं टाइप करून तारखेवार लावते, तेव्हा कुठे शत्रू नीट ध्यानात येतो. गटाने काम करणं या पुस्तकाच्या रचनेतच आहे. म्हणून एका गटाला हार्कर, दुसऱ्याला सेवर्ड, तिसऱ्याला मीना आणि लूसी, चौथ्याला कात्रणं द्या. अट एकच ठेवा: आपल्या माणसाला त्या तारखेला जेवढं ठाऊक, तेवढंच बोलायचं. शेवटच्या तासाला फळ्यावर तारखा मांडून सगळ्यांनी मिळून जुळणी करायची. काउंटची, म्हणजे रक्त पिणाऱ्या खुद्द ड्रॅक्युलाची, स्वतःची एकही नोंद नाही, हे मुलांना तिथे आपसूक दिसतं. ते दिसू द्या, आधी सांगू नका.

गट पाडताना मार्क बघू नका, एसटीचा मार्ग बघा. शिरोड्याकडची मुलं एकत्र, आचऱ्याकडची एकत्र. गाडी चुकली की घरी पोचायची पंचाईत, त्यामुळे गटाची खरी चर्चा स्टँडवर आणि गाडीतच होते. पीपीटीची सक्ती नको. पावसात वीज गेली की प्रोजेक्टर बंद. पुस्तक हातात आणि खडू, एवढ्यावर उत्तम काम होतं.

कात्रणांच्या गटात मच्छीमार घरातली मुलं मुद्दाम घाला. सातव्या प्रकरणात 'डिमीटर' जहाजाची नोंदवही आहे. काळ्या समुद्रावरच्या वार्ना बंदरातून निघालेलं शिडाचं जहाज, पोटात मातीच्या पेट्या आणि त्यांत लपलेला काउंट. १६ जुलैच्या नोंदीत पहिला खलाशी नाहीसा होतो, मग एकेक करत सगळे. ३ ऑगस्टला मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी, समुद्रात उडी टाकतो. कप्तान स्वतःचे हात सुकाणूला बांधून घेतो आणि त्याच अवस्थेत जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावाला लागतं. आपल्याकडे जुलैत मासेमारी बंद असते, वडील घरीच असतात. आमच्या वर्गातल्या एका मुलीने घरी ही गोष्ट सांगितली आणि वडिलांचं उत्तर वर्गात आणलं: "तांडेल होडी सोडून जावचो नाय." (तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख.) तिने मेट आणि कप्तान समोरासमोर ठेवले. दोघांनाही सारखंच भय दिसलं. एकाने जहाज सोडलं, दुसऱ्याने नाही. तेवढ्यात मीनाच्या गटातून हात वर झाला. त्यांच्या कागदांत याच कप्तानाची अंत्ययात्रा होती, नदीतून होड्यांच्या रांगेसह निघालेली. दोन गटांचे कागद एकमेकांना भिडले, तो क्षण मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचा वाटतो. इथे शिक्षकाने माहिती घालायला हरकत नाही: १८८५ साली व्हिटबीला 'दिमित्री' नावाचं जहाज खरोखर किनाऱ्यावर आपटलं होतं आणि १८९० साली स्टोकर त्या गावी राहून गेला होता.

सेवर्डच्या गटाला लूसीला चार पुरुषांचं रक्त चढवल्याचा प्रसंग येतो. रक्तगटांचा शोध लँडस्टायनरने १९०१ साली, म्हणजे कादंबरीनंतर, जाहीर केला, एवढं सांगितलं की पुरे.

भुतांचा विषय निघणारच. चकवा, मुंजा, गिऱ्हा यांच्या गोष्टी मुलांना तोंडपाठ असतात, आणि कुणीतरी राखणदाराचं नाव काढतं. इथे सांभाळा. समोरच्या बाकावरचं पोर सकाळी राखणदाराला नारळ ठेवून आलेलं असू शकतं. राखणदार गावाची सीमा राखतो. काउंट परक्या शहरात घर विकत घेऊन शिरतो. या दोघांची तुलना मला पटत नाही आणि मी ते वर्गात स्पष्ट सांगते. त्याऐवजी काउंटवरची बंधनं शोधायला लावा. बोलावल्याशिवाय तो पहिल्यांदा घरात शिरू शकत नाही. वाहतं पाणी ओलांडायचं तर भरतीला, नाहीतर पाणी थांबलेलं असतानाच. खाडीकाठची मुलं हे वाक्य वाचून लगेच वेळा काढायला बसतात.

भाषेचा बाऊ करू नका. चर्चा मालवणीत होऊ दे, पुस्तकातली ओळ मात्र इंग्रजीत वाचायची. इंटर्नलचे निम्मे मार्क गटाला ठेवा, निम्मे ज्याचे त्याला. सादरीकरण झालं की चिठ्ठी काढून एकाला उभं करा आणि एकच प्रश्न विचारा: हे कुठल्या पानावर आहे, दाखव. चिठ्ठी कुणाचीही निघेल हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे मागच्या बाकावरचेही पुस्तक घेऊन येतात.