सुख-दुःखाची जाळी मेंदूत शोधताना: कोकणातील नवख्या अभ्यासकांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून भौतिकशास्त्र किंवा मानसशास्त्र शिकून मेंदूसंशोधनाकडे वळू पाहणारे विद्यार्थी मला बहुधा एकच विचारतात, की मेंदूत आनंदाचे केंद्र कुठे आणि दुःखाचे कुठे? अशी दोन केंद्रे शोधत बसू नये, हे माझे पहिले सांगणे असते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टन लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरील ३९७ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पडताळले, तेव्हा केवळ सुखद किंवा केवळ दुःखद भावनेलाच सातत्याने प्रतिसाद देणारा भाग त्यांना आढळला नाही. अमिग्डाला आणि इन्सुला हे भावनांशी जोडले जाणारे मेंदूचे भाग दोन्ही प्रकारच्या भावनांत हजर होते. म्हणून फरक शोधायचा तो भागांच्या आपसातील संबंधांत.

त्यासाठी मेंदूच्या नोंदी घेणारे स्वतःचे यंत्र लागत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डीप’ (DEAP) या नोंदींच्या साठ्यात ३२ व्यक्तींनी प्रत्येकी एक मिनिटाचे ४० संगीत-व्हिडिओ पाहतानाच्या इईजी, म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडनी टिपलेल्या मेंदूच्या विद्युत नोंदी आहेत, आणि संशोधनासाठी त्या अर्ज करून मिळतात. विश्लेषण घरच्या लॅपटॉपवर होते. मात्र पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने प्रत्येक टप्प्याचा निकाल वेगळा जतन करावा.

आकडेमोडीपूर्वी कच्च्या नोंदी डोळ्यांनी पाहाव्यात. पापणी लवली की कपाळाजवळील वाहिन्यांवर (इलेक्ट्रोडगणिक येणाऱ्या नोंदींवर) मोठी लाट उठते, ती लगेच ओळखू येते. हसू मात्र फसवते. गालाच्या आणि जबड्याच्या स्नायूंची विद्युत हालचाल बीटा-गॅमा या वेगवान लहरींच्या पट्ट्यांत मिसळते, त्यामुळे ‘आनंदात गॅमा वाढला’ असे लिहिण्याआधी तो मेंदूचा की चेहऱ्याचा, हे तपासावे लागते. शिवाय एकाच स्रोताचा विद्युत प्रभाव शेजारच्या अनेक इलेक्ट्रोडवर एकाच क्षणी पोहोचतो आणि नसलेला संबंध दिसू लागतो. म्हणून दोन नोंदींच्या लहरी किती जुळतात हे मोजणाऱ्या साध्या कोहेरन्सवर न विसंबता, शून्य विलंबाचे संबंध वगळणारा फेज-लॅग निर्देशांकही काढावा.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो भावनेची सुखद-दुःखद बाजू तिच्या तीव्रतेपासून वेगळी करण्याला. काही प्रयोगांत व्हिडिओऐवजी चित्रे दाखवतात; त्यांत दुःखद म्हणून निवडलेली चित्रे बहुधा अपघाताची किंवा हल्ल्याची असतात आणि सुखद चित्रे फुलांची, म्हणजे तुलना प्रत्यक्षात क्षोभ आणि शांतता यांची होते. त्यात चित्राचा अर्थही पाहणाऱ्यागणिक पालटतो. उसळत्या समुद्राचे छायाचित्र पर्यटकाला सुखावते, पण ज्या घरातील माणूस होडीवर असतो त्या घरात ते तसेच पाहिले जात नाही, हे मालवण-देवगडच्या मुलांना सांगावे लागत नाही. त्यामुळे तयार चित्रसंचासोबत प्रत्येक चित्राच्या सुखदतेचे आणि तीव्रतेचे जे छापील गुण येतात, ते पुरेसे मानू नयेत. सहभागी व्यक्तीकडूनच सुखदता आणि तीव्रता यांचे स्वतंत्र गुण घ्यावेत, आणि तीव्रता सारखी असलेल्या नोंदींचीच तुलना करावी. अशाने नोंदी निम्म्याने गळाल्या तरी चालेल, असे माझे मत आहे.

पुढे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेमध्ये किंवा मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अर्ज करायचा असेल, तर मुलाखतीला जाताना अशा विश्लेषणाचा एक आलेख, आणि कोणत्या नोंदी का वगळल्या याची यादी सोबत ठेवावी.