जुन्या पद्मिनीच्या सिलमध्ये मजबुतीची पट्टी बसवताना दारांकडे बघा

प्रीमियर पद्मिनी गाडीला जीपसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, बॉडी हीच चेसिस. दाराखालची सिल, फ्लोअर आणि त्याखालच्या बॉक्स पट्ट्या मिळून सगळं वजन पेलतात. आपल्याकडे गोव्यात चार महिने पाऊस आणि किनाऱ्याला बारमाही खारी हवा, त्यामुळे सिल आतून कुजत जाते आणि बाहेरून रंग मस्त दिसतो. "वरून एक जाड पट्टी मार, झालं काम" असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, कुजक्या पत्र्यावर 3 मिमीची पट्टी मारली की पट्टी टिकते आणि बाजूचा पत्रा फाटतो. तयार वाकवलेली 16 गेजची, म्हणजे साधारण 1.6 मिमीची पट्टी पुरते.

सीट, कार्पेट, पेट्रोलची टाकी बाहेर काढा, बॅटरी सोडवा. चेसिस नंबरच्या आसपास ग्राइंडर नको.

आता खरी गोष्ट. पहिल्यांदा मी फोंड्याला हे काम करून घेतलं तेव्हा गाडी पुढे-मागे टोकाला जॅकवर होती, डावी सिल कापली आणि एका दुपारात वेल्डची सगळी शिवण मारून टाकली. संध्याकाळी मागचं दार लागेना. वर काचेच्या फ्रेमपाशी फट बंद आणि खाली बोट जाईल एवढी उघडी. सिल कापल्यावर बॉडी मधे बसली होती आणि आम्ही तिला त्याच वाकड्या आकारात वेल्ड करून ठेवलं होतं. सगळं परत कापावं लागलं, दोन दिवस गेले, नवी पट्टी फुकट गेली ती वेगळीच.

म्हणून गाडी चाकांवर उभी असते तशीच ठेवा, मागे स्टँड अ‍ॅक्सलखाली, पुढे सस्पेन्शनच्या खालच्या आर्मखाली चाकाजवळ. कापायच्या आधी दाराच्या पुढच्या-मागच्या खांबांमधे आतल्या बाजूने लोखंडी अँगल टॅक करा, म्हणजे वेल्डच्या छोट्या टाक्यांनी अडकवा, आतून केला की दार लावून बघता येतं. मग पुढच्या सस्पेन्शनचा बोल्ट आणि मागच्या पाट्याचा (लीफ स्प्रिंगचा) पुढचा बोल्ट, दोन्ही बाजूंना, यांच्यापासून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा आणि तिरकी मापं घ्या. दोन मापांत 3 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर मी वेल्डिंगला हातच लावत नाही, आधी तो फरक काढतो.

एका वेळी एकच बाजू कापा, हे डेंटरला ठणकावून सांगा, कारण दोन्ही कापल्या तर त्याचं काम सोपं होतं पण गाडी हातची जाते. पट्टी क्लॅम्प करून हातभर अंतरावर टाके मारा, एक पुढे, एक मागे, एक मधे. दर चार-पाच टाक्यांनी दार लावून बघा. टाके थंड झाल्यावरच मधली जागा दोन-दोन इंचाने भरा, वेल्ड थंड होताना आकसतं आणि पत्र्याला ओढतं, सलग शिवण मारली की ओढ एकाच बाजूला जाते. घाई असलेला वेल्डर असेल तर दुसरा बघा, मी बदललाय.

जोडाच्या आतल्या बाजूला आधीच झिंक प्रायमर. दुसरी बाजू अशीच. अँगल शेवटी काढा.

मग सिलच्या आत पोकळीत वॅक्स मारा, पण खालची पाणी जायची भोकं बुजवू नका. जूनमधे पहिला मोठा पाऊस झाला की तार घालून ती मोकळी आहेत ना ते बघा.