लिनक्सवर यूएसबी वायफाय डोंगल चालत नाही? या चुका टाळा

खोक्यावरचं नाव टाकून ड्रायव्हर शोधू नका. लिनक्सला कंपनीशी देणंघेणं नाही, त्याला आतली चिप लागते. उदाहरणार्थ टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन बघा. आवृत्ती १ मध्ये अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, लावलं की चालू. आवृत्ती २ पासून आत रियलटेकची ८१८८ईयूएस आली, नाव मात्र तेच राहिलं. जुना व्हिडिओ पाहून नवं डोंगल विकत घेणारे इथेच फसतात. डोंगल लावून टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ (जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड) चालवा आणि कोलनच्या दोन्ही बाजूंचा पूर्ण आयडी घेऊन शोधा. कोलनआधी ०बीडीए म्हणजे रियलटेक, १४८एफ म्हणजे रॅलिंक ही चिप कंपनी.

आयडी ०बीडीए:१ए२बी दिसला तर ड्रायव्हरला हातच लावू नका. हे प्रकरण नेहमी एकाच वाटेने जातं. स्वस्तातलं डोंगल, वायफायचा पत्ता नाही. मग एक ड्रायव्हर, तो काढून दुसरा, शेवटी अख्खं उबंटू नव्याने टाकून झालं तरी स्थिती तीच. कारण १ए२बी हा वायफायचा आयडी नाहीच. विंडोजचे ड्रायव्हर सोबत देता यावेत म्हणून डोंगल आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतं. ‘यूएसबी-मोडस्विच’ पॅकेज टाका, डोंगल काढून परत लावा. तरी सोंग हटलं नाही तर फाइल मॅनेजरमध्ये दिसणारी ती सीडी इजेक्ट करा. आयडी बदलला (८८११सीयू चिप असेल तर ०बीडीए:सी८११) की ड्रायव्हरचं काम सुरू. एलएसयूएसबीचं आउटपुट न वाचता कमांडी चिकटवणाऱ्यांना हे महिनाभर कळत नाही.

गिटहबवरून ड्रायव्हर ओढण्याआधी ‘यूनेम -आर’ कमांडने कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती बघा. रियलटेकच्या ८८२१सीयू आणि ८८२२बीयू चिपचा ड्रायव्हर ६.२ पासून कर्नलमध्येच आहे. वर दुसरा टाकला तर दोघं एकाच डोंगलवर हक्क सांगतात. बाहेरचाच ड्रायव्हर लागत असेल तर डीकेएमएसनेच टाका, ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बनवतं. नुसतं ‘मेक इन्स्टॉल’ केलेला मॉड्यूल (ड्रायव्हरची बनलेली फाइल) त्या एका कर्नलपुरता असतो. पुढच्या अपडेटला वायफाय जातं, आणि नेट त्या डोंगलवरच असेल तर ड्रायव्हर बनवायला लागणारे कर्नल हेडर्स उतरवायचीही सोय राहत नाही. म्हणून अशा कामाला बसताना फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू ठेवावं. त्याला वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही.

ड्रायव्हर बिनतक्रार बनला, पण लोड करताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं, तर अडवणूक सिक्युअर बूटची आहे, म्हणजे सही नसलेला ड्रायव्हर लोड होऊ न देणाऱ्या सुरक्षेची. ड्रायव्हर इन्स्टॉल करताना उबंटू एक पासवर्ड ठरवायला लावतं आणि रीबूटनंतर निळा स्क्रीन येतो. तिथे ‘एनरोल मॉक’ (सहीची चावी नोंदवण्याचा पर्याय) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. स्क्रीन जेमतेम १० सेकंद थांबतो. चहा आणायला गेलात तर मॉकयूटिल कमांडने पुन्हा पहिल्यापासून.

‘डीमेसेज’ (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) मध्ये फर्मवेअर, म्हणजे चिपला लागणारी फाइल, लोड झाली नाही आणि एरर -२ दिसला, तर ती फाइलच नाही. डेबियनवर ‘फर्मवेअर-रियलटेक’ टाका.

‘आरएफकिल लिस्ट’ कमांडमध्ये वायफायसमोर सॉफ्ट ब्लॉक्ड ‘येस’ असेल तर अनब्लॉक करा. एवढ्यासाठी ड्रायव्हर बदलणारेही आहेत.

निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये २.४ गिगाहर्ट्झचं डोंगल खोचू नका, त्या पोर्टचा रेडिओ-गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात येतो. मागच्या पोर्टला एक्स्टेन्शन केबल लावून ते केसपासून दूर ठेवा.

जोडणी सतत तुटत असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये ‘[कनेक्शन]’खाली ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ २ करा. २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू. उलट समजून ३ लिहू नका.