या चुका टाळा : पाऊस बदलला, मोऱ्या मात्र त्याच

नगरपरिषदेत ओव्हरसियर म्हणून लागलो आणि तीन जिल्ह्यांत बदल्या झेलून निवृत्त झालो. आता नगरपंचायती, ग्रामपंचायती प्रशिक्षणाला बोलावतात. विषय ठरलेला : हवामान बदल आणि स्थानिक संस्था. चहा-बिस्किटं झाली की कुणीतरी हळूच जवळ येतं. "सर, आराखड्याचा तयार नमुना आहे का? पेनड्राइव्ह आणलाय."

सगळ्यात पहिली चूक हीच, पण तिच्यावर फार शाई घालवत नाही. पेनड्राइव्हवरचा आराखडा कसा ओळखायचा, तेवढं सांगतो. मराठवाड्यातल्या एका गावाच्या आराखड्यात मी 'समुद्रपातळीतील वाढ' वाचली आहे. किनारा तिथून साडेतीनशे किलोमीटर! दुसऱ्या एका गावाने मुंबईचा कित्ता गिरवून २०५० चं 'नेट झिरो', म्हणजे निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जन, जाहीर केलं. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये कृती आराखडा काढला, त्यातलं ते साल. मुंबईच्या उत्सर्जनात विजेचा आणि ऊर्जेचा वाटा ७० टक्क्यांवर आहे, म्हणून त्यांनी तिथून सुरुवात केली. तुमच्या गावात चार दिवसांआड पाणी येतं, तर तुमची सुरुवात पाण्यापासून. आराखडा माझ्या हातात आला की मी शेवटचं पान आधी उघडतो. तिथे कामासमोर लेखाशीर्ष, म्हणजे पैसा अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून येणार ते, आणि रक्कम नसेल, तर पुढचं वाचत नाही.

आता माझं खरं दुखणं.

आपल्याकडे पाऊसच कुठे पडतो?

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ओळखेन. वर्षाला पाचशे मिलिमीटर पावसाचा तालुका, टँकरची सवय, त्यामुळे ओढा म्हणजे कचरा टाकायची हक्काची जागा. अशाच एका 'क' वर्ग नगरपरिषदेत मी होतो. एसटी स्टँडवरून बाजारपेठेत जाताना मध्ये ओढा लागायचा आणि त्यावर जुनी दगडी फरशी, म्हणजे पाणी वरून जाऊ देणारा बुटका पूल, होती. पावसाळ्यात दोन-तीनदा फरशीवरून पाणी जायचं, तासभर रस्ता बंद व्हायचा, लोक शिव्या घालायचे. शेवटी ठराव झाला : फरशी काढा, तीन पाइप टाका, वर भराव घालून रस्ता उचला आणि कडेने गाळे काढा. नव्या सभापतींना काम सहा महिन्यांत उद्घाटनाला हवं होतं. स्लॅब मोरी, म्हणजे पाइपांऐवजी रुंद तोंडाचा छोटा पूल, करू म्हटलं, तर "एवढा खर्च कशाला, इथे पाऊसच कुठे पडतो?" एस्टिमेट मी केलं. सही माझीच आहे, ती नाकारत नाही.

पाइप ९०० मिलिमीटर व्यासाचे होते. मोजमाप चालू असताना पारावरचे एक आजोबा म्हणाले, "साहेब, हा ओढा मारुतीच्या पायरीला लागलेला मी बघितलाय." कोणत्या साली, ते त्यांना आठवेना. साल नाही म्हणजे पुरावा नाही, असं म्हणून आम्ही टेप गुंडाळला.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात, गणपती उठून आठवडा झाला असेल, रात्री परतीचा पाऊस आला. दीड-दोन तासच पडला. सकाळी मी गेलो तेव्हा पाणी ओसरलं होतं. मधल्या पाइपच्या तोंडात एक कापसाची गादी आडवी बसली होती, तिच्यावर मांडवाचे बांबू, केळीचे खुंट आणि थर्माकोलची मखरं. बाकीचे दोन पाइप गाळाने अर्धे भरलेले. वरच्या बाजूच्या गाळ्यांमध्ये छातीएवढं पाणी चढून गेलं होतं. औषधाच्या दुकानातला फ्रीज आडवा होऊन तरंगत मागच्या भिंतीला टेकला होता, आणि दुकानदार ओल्या गोळ्यांची पाकिटं एकेक करून पायरीवर मांडत बसला होता. पायरी मारुतीचीच. माणूस गेला नाही, हे नशीब.

नंतर मी घरी बसून गणित केलं, जे आधी करायला हवं होतं. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर पाणी होतं. ओढ्याचं पाणलोट साधारण २०० हेक्टर. तासाला ४० मिलिमीटर धरा, म्हणजे तासाभरात आठ कोटी लिटर. निम्मं जमिनीत मुरलं असं समजलं तरी मोरीवर सेकंदाला अकरा हजार लिटर येणार. बरा उतार मिळाला तर ९०० चा पाइप सेकंदाला हजार-दीड हजार लिटर नेतो. तीन पाइपांचे, स्वच्छ असतील तर, साडेचार हजार. बाकीचं पाणी कुठे जाणार होतं? पूर्वी ते फरशीवरून निघून जायचं. तास रस्ता बंद व्हायचा, पण दुकानात शिरत नव्हतं. आम्ही भराव घालून रस्त्याचा बांध केला आणि वर बाजारपेठेत तलाव तयार केला.

सांगायचं ते हे, की वर्षाची सरासरी मोरीच्या कामाची नाही. तिला तासाचा पाऊस विचारा. महसूल खात्याची अतिवृष्टी म्हणजे २४ तासांत ६५ मिलिमीटर, ती पंचनाम्यासाठी. तेच ६५ दिवसभर रिमझिम पडले तर गटार सहज नेतं, दीड तासात पडले तर शटर वाकवतं. वर्षाचे पाचशे आजही पाचशेच दिसतील, पण ते आता थोड्या दिवसांत, दणक्यात पडतात. हवा तापली की ती जास्त बाष्प धरते, अंशामागे साधारण सात टक्के, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांवर तासातासाची नोंद होते. तहसीलमध्ये जाऊन ती मागा. गेल्या काही वर्षांतला सगळ्यात वाईट तास वहीत लिहा आणि मग पाइपचा व्यास बोला.

हे फक्त छोट्या गावांचं रडगाणं समजू नका. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं. नद्यांवर सगळ्यांचं लक्ष असतं. सांगलीत आयर्विन पुलाची पातळी ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका, हे पोराटोरांना पाठ आहे. ओढ्याला अशी पट्टी कुणी लावलेली नसते.

म्हणून माझी सवय. मे महिन्यात, काम निघायच्या आधी, ओढा उगमापासून नदीपर्यंत चालत जायचा. सोबत ३० मीटरचा टेप, वही, चुन्याची पुडी आणि गावातला जुना मुकादम किंवा व्हॉल्व्हमन. नकाशा जमला तर घ्या, मुकादम मात्र हवाच. प्रत्येक मोरीचं तोंड मोजायचं. खालची मोरी वरच्यापेक्षा लहान निघाली, आणि ती निघतेच, तर तिथे चुन्याची फुली. म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, पाणी कुठवर आलं होतं. साल चुकलं तर चुकू दे, पायरी चुकत नाही. मिळालेली पातळी विजेच्या खांबावर पिवळ्या ऑइल पेंटने रंगवायची. कागदावरची रेषा पुढच्या साहेबाला सापडत नाही, खांबावरची बांधकाम परवानगी मागणाऱ्यालाही दिसते. आणि जिथे जुनी फरशी आहे आणि वाहतूक कमी आहे, तिथे ती राहू द्या.

गाळ काढायचं टेंडर जूनमध्ये काढणाऱ्यांबद्दल लिहायला बसलो तर जागा पुरणार नाही.

निळी रेषा 'पंचवीस वर्षांनी' येत नाही

निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. "आत्ताच २०१९ ला येऊन गेला, आता पंचवीस वर्षं बघायला नको" असं एक नगरसेवक माझ्यासमोर म्हणाले होते. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. निळ्या रेषेचा अर्थ दरवर्षी शंभरात चार, असा घ्या. फासा प्रत्येक पावसाळ्यात नव्याने पडतो. शिवाय त्या रेषा जुन्या पावसावर आखलेल्या आहेत, म्हणजे चार हा आकडाही आता अपुराच समजा.

झाडं लावली, पुढे काय?

राज्याने २०१७ ला चार कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडांचं लक्ष्य घेतलं होतं. मी त्या तिन्ही वर्षी खड्डे मोजले आहेत, म्हणून अधिकाराने सांगतो : बरेच खड्डे तेच होते. शेवटच्या वर्षी आमच्या शिपायाने तर खड्डा न खणता नुसता मोकळा केला. तळाशी आधीच्या वर्षीच्या रोपाची काळी पिशवी निघाली, न फाडलेली. रोप पिशवीसकट लावलं होतं. साहेबांची गाडी आली होती, फोटो राहिला असता ना!

पाच जूनचा, पर्यावरण दिनाचा, हट्ट सोडा. त्या दिवशी महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस पोचलेलाही नसतो. दोन दमदार पाऊस होऊन ओल हातभर खाली गेली की लावा, फोटो तेव्हाही निघतो. संख्या कमी करा. मी हजारांचा प्रस्ताव आला की शंभरावर आणतो आणि उरलेल्या पैशात जाळ्या, आणि मार्च ते मे चा पाण्याचा टँकर त्याच ठरावात बसवतो. वेगळा ठराव करू म्हणालात की तो मार्चमध्ये होत नाही, आचारसंहिता तरी असते किंवा बिलं तरी. ग्रामपंचायत असाल तर रोजगार हमीतून झाडं जगवणाऱ्याला मजुरी देण्याचा 'बिहार पॅटर्न' आहे, त्याची चौकशी करा. गावातल्या एखाद्या एकट्या बाईला ते काम द्या, ती ठेकेदारापेक्षा जास्त झाडं जगवते. हा माझा अनुभव आहे, सर्वेक्षण नव्हे.

आणि कुठे लावायची? गावाबाहेरच्या गायरानात नकोत. जिथे माणूस उन्हात उभा राहतो तिथे : एसटी थांबा, बाजारतळ, रेशन दुकान, दवाखान्याची रांग. कडुनिंब, करंज, वड, चिंच. गुलमोहर दिसतो छान, पण वाऱ्यात पहिला तोच मोडतो. आणि रस्ता काँक्रीटचा करताना असलेल्या झाडाच्या बुंध्याला सिमेंट लावू नका. दहा नव्या रोपांचं ढोंग करण्यापेक्षा एका जुन्या चिंचेभोवती चार फूट माती मोकळी ठेवा.

बाकीच्या, झटपट

सोलर पथदिवे. पहिलं वर्ष झगमगाट, तिसऱ्या वर्षी बॅटरी गेली, पाचव्या वर्षी खांबावर केबलवाल्याची वायर. देखभालीचा करार नसेल तर घेऊ नका. त्याआधी पाणीपुरवठ्याच्या पंपाचं बिल काढून बघा, बहुतेक ग्रामपंचायतींचा खरा खड्डा तिथे आहे. तो पंप सौरवर न्या. त्याच्याही आधी गळती काढा, नाहीतर सूर्याच्या जोरावर पाणी गटारात ओताल.

पैसे नाहीत, ही तक्रार. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या ग्रामपंचायत निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांनाच वापरायचा, होता, निम्मा स्वच्छतेला, निम्मा पाण्याला, आणि पाण्यात पावसाचं पाणी साठवणंही बसत होतं. कित्येकांनी तो पेव्हर ब्लॉककडे कसा वळवता येईल यात डोकं घातलं. पेव्हर ब्लॉक हा आपल्या लोकप्रतिनिधींचा राष्ट्रीय वृक्ष आहे.

'माझी वसुंधरा' या राज्याच्या पर्यावरण अभियानाचे गुण. अभियान चांगलं आहे, २ ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे, त्याने निदान हा विषय सभेच्या अजेंड्यावर आणला. पण गुणांसाठी भिंती रंगवून आणि ई-शपथांचा आकडा फुगवून गावाचं तापमान उतरत नाही.

कचरा जाळणं. सकाळी मुकादम काडी लावतो आणि दुपारी त्याच संस्थेचा हवामान बदलावर कार्यक्रम. मुकादमाला रागवू नका, त्याला गाडी द्या.

ऊन. उष्णतेचं कुणी मनावर घेत नाही, कारण पुरासारखा फोटो येत नाही. अहमदाबादेत मे २०१० च्या उन्हाने माणसं गेल्यावर २०१३ मध्ये महापालिकेने उष्मा कृती आराखडा केला. त्यातली मुख्य कामं फुकटची आहेत : कुणी कुणाला इशारा द्यायचा, दवाखान्यात काय तयार ठेवायचं, कामाच्या वेळा कशा बदलायच्या. आपल्याकडे त्यावरून काय उचललं? पाणपोईचं उद्घाटन. कोकणात तर "आमच्याकडे कुठे पंचेचाळीस होतंय" असं म्हणतात. हवामान खाते किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच उष्णतेची लाट धरायला लागतं, कारण दमट हवेत घाम वाळत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर दुपारच्या मोकळ्या मैदानातल्या कार्यक्रमाने किती घरं उजाड केली, ते आठवा. तुमच्या हातात निदान एवढं आहे : एप्रिल-मे मध्ये सफाई कामगारांची पाळी पहाटे पाचला सुरू करा आणि अकराला सोडा, दुपारच्या सभा-मेळाव्यांना मैदान देऊ नका, आणि पत्र्याच्या अंगणवाड्यांवर चुना मारून घ्या. चुन्याला फेब्रुवारीत मंजुरी घ्या. मी एकदा एप्रिलमध्ये फाइल टाकली होती, चुना जुलैत आला. भर पावसात पत्रे पांढरे करताना लोक माझ्याकडे बघून जे हसत होते, ते अजून डोळ्यासमोर आहे.